यार्डातली रांग नेमकी कुठे सुरू होते?



मागील वार्षिक सभेत तीन-चार सभासदांनी एक प्रश्न विचारला. "शेतकी खात्याची माणसं मन लावून काम का करत नाहीत? पगार तर वेळेवर घेतात." सभेत वेळ थोडा आणि आवाज मोठा, त्यामुळे आमचे उत्तर अर्धवटच राहिले. ते उत्तर या अंकात देत आहोत. लागण, बेणे, खताची मात्रा हे आमचे नेहमीचे विषय या महिन्यापुरते बाजूला ठेवू. यंदाचा पाठ माणसांविषयी आहे, आणि तो आम्हांला स्वतःलाच फार उशिरा समजला.

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. जानेवारी महिन्यात यार्डात टायरगाड्यांची रांग मोठ्या रस्त्यापर्यंत येत होती. बैल जुंपलेलेच उभे. गाडीवान गाडीखाली घोंगडी अंथरून पडलेले. दोन दिवसांनी हीच गव्हाण रिकामी धावायची आणि इंजिनिअरिंग खात्याचा फोन यायचा, "ऊस कुठाय?" एक दिवस पूर, एक दिवस दुष्काळ. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा हे आम्ही दर मेळाव्यात सांगतो. उन्हात पडलेल्या उसाचे वजन घटते ते सभासदाचे जाते आणि साखर उलटते ती सर्वांची जाते, कारण एफआरपी आपल्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर बसते. एकाच्या शेतातला शिळा किंवा कोवळा ऊस हा ज्याने ताजा, पक्व ऊस घातला त्याच्याही दरातून वजा होतो.

त्या वेळी आम्ही काय केले? जे कोणत्याही कचेरीत करतात तेच केले. चिटबॉय लोकांना मेमो दिले. तोडणीच्या चिठ्ठ्या चिटबॉय फाडतो, टोळीला शेत तो दाखवतो, तेव्हा चूक त्याचीच असणार असा आमचा हिशेब. एका महिन्यात अकरा मेमो आमच्या सहीने गेले. त्यातला एक अशा माणसाला गेला ज्याचे नऊ हंगाम झाले होते आणि ज्याच्याविरुद्ध तोवर कागदाचा एक चिटोरा नव्हता. त्याने उत्तर लिहिले नाही. हंगाम संपेपर्यंत काम केले आणि पुढच्या हंगामाला बोलावणे गेले तेव्हा आला नाही. आणखी दोघे हंगामाच्या मध्येच निघून गेले. मेमोंनी रांग काही हटली नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या गटातील एका सभासदाच्या मुलाने अंबरनाथ पूर्वेला फ्लॅट घेतला, त्याच्या वास्तुशांतीला जाण्याचा योग आला. अंबरनाथ म्हटले की आमच्या पिढीला आगपेटी आठवते. १९२३ साली स्थापन झालेल्या विमको कंपनीचा मोठा कारखाना त्या गावात होता आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलेली आगपेटी बहुधा त्यांचीच असे. पुढे संरक्षण खात्याचे कारखाने आले, मग एमआयडीसी आली. सातारा, सांगली, नगर, सोलापूर भागातली आपली किती मुले तिकडे भाड्याच्या खोल्यांत राहून कामाला लागली त्याची मोजदाद नाही. वास्तुशांतीचे जेवण झाल्यावर आम्ही वालधुनीकाठचे जुने शिवमंदिर पाहिले. शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा लेख तिथे सापडलेला. लेखात राजाचे नाव आहे. ज्यांनी दगडाला असा आकार दिला त्या पाथरवटांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. असो, हे विषयांतर झाले.

तो मुलगा पूर्वेच्याच आनंदनगर एमआयडीसीत एका लहान कारखान्यात सुपरवायझर आहे. "काका, आलाच आहात तर आमचं काम बघून चला," म्हणाला. पत्र्याची शेड, पंधरा-वीस मशिने, साठेक माणसे. दाराशी एक साधा काळा फळा होता आणि त्यावर खडूने लिहिले होते, 'आज काय अडलं?' खाली तीन ओळी, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. पाळी सुरू होताना दहा मिनिटे सर्वजण त्या फळ्यासमोर उभे राहतात. कोणाला काय अडले ते तो सांगतो. सुपरवायझर लिहून घेतो, वाद घालत नाही.

हे सुरू कसे झाले ते त्याने सांगितले. दुसऱ्या पाळीच्या पहिल्या तासातला माल वारंवार मापाबाहेर जाई. भोकाचे माप केसभर चुकले की नग भंगारात. मालकाचा समज असा की दुपारचे जेवून आलेली माणसे पेंगतात. दंड लावला, माणसे बदलून पाहिली, तरी भंगार तेवढेच. शेवटी एका जुन्या ऑपरेटरने सांगितले की दोन पाळ्यांच्या मध्ये वीज वाचावी म्हणून मशीन तासभर बंद ठेवतात, ते थंड पडते, आणि पुन्हा तापेपर्यंत माप हलते. मशीन दहा मिनिटे रिकामे फिरवून मग काम लावले, आणि भंगार थांबले. आम्ही त्या ऑपरेटरला विचारले, "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" तो म्हणाला, "दोन वर्षं. एकदा सांगितलं होतं साहेबांना. ते म्हणाले, तू मशीन चालव."

परतीच्या गाडीत कल्याणपासून पुण्यापर्यंत ते वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही. आमच्या अकरा मेमोंत एकही प्रश्नचिन्ह नव्हते.

आता थोडे पुस्तकातले सांगतो. जपानमध्ये १९६२ पासून 'क्वालिटी सर्कल' म्हणजे गुणवत्ता मंडळे सुरू झाली. काओरू इशिकावा या प्राध्यापकांचे नाव त्यांच्याशी जोडले जाते. एकाच प्रकारचे काम करणारी सात-आठ माणसे ठरावीक दिवशी बसतात, आपल्याच कामातली अडचण निवडतात, कारण शोधतात आणि उपाय वरिष्ठांपुढे मांडतात. आपल्या देशात हैदराबादजवळ रामचंद्रपुरम येथील भेलच्या कारखान्यात १९८० च्या सुमारास याची सुरुवात झाली आणि १९८२ साली अशा मंडळांची देशव्यापी संस्थाही निघाली. आपल्याकडे हे अगदीच नवीन होते असे नाही. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी विश्वासाने राखणीच्या कामावर ठेवले, ही गोष्ट आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. ज्या लक्ष्मणरावांचे लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकऱ्यांनी 'लोखंडानं जमीन नासते' म्हणून घेतले नाहीत, त्यांना ऐकून घेण्याची आणि धीर धरण्याची सवय असणारच.

टोयोटा मोटार कारखान्यातले ताइइची ओनो यांची एक रीत फार सोपी आहे. अडचण आली की पाच वेळा 'का?' विचारायचे. त्यांचे उदाहरण विहिरीवर मोटार असलेल्या माणसाला लगेच पटेल. यंत्र का थांबले? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पुरत नव्हते. का पुरत नव्हते? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का झिजला? पंपाला गाळणी नव्हती, लोखंडाचा कीस आत गेला. पहिल्याच 'का'ला थांबणारा नवा फ्यूज टाकून मोकळा होतो, आणि आठ दिवसांनी पुन्हा अंधार. आम्ही यार्डातल्या रांगेला फ्यूज बदलत बसलो होतो.

पुढच्या हंगामाआधी, सप्टेंबरात, दोन गटांतील चौदा चिटबॉय आणि तीन ओव्हरसिअर यांना रविवारी गट कार्यालयात बोलावले. पहिल्या बैठकीत कोणी बोलेना. चहा झाला, बिस्किटे झाली, सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. दुसऱ्या रविवारी तेच. तेव्हा एका ओव्हरसिअरने आम्हांला बाहेर घेऊन सांगितले, "साहेब, रागावू नका, पण तुम्ही प्रत्येक वाक्याला उत्तर देता." खरे होते. तिसऱ्या बैठकीत आम्ही मागच्या बाकावर बसलो, फक्त लिहायचे आणि तोंड उघडायचे नाही असे ठरवून. तेव्हा गाडी सुरू झाली.

यार्डात ऊस का तुंबतो? कारण एका दिवशी चार टोळ्यांचा ऊस एकदम येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच टोळ्या बिऱ्हाड हलवण्यात असतात. बिऱ्हाड एवढे का हलवावे लागते? कारण चिठ्ठ्या विखुरलेल्या फडांच्या निघतात. आज ओढ्याअलीकडे वीस गुंठे, उद्या तीन किलोमीटरवर माळाला एक एकर. विखुरलेल्या का निघतात? कारण यादी लागणीच्या तारखेप्रमाणे लागते, आणि यादीतली तारीख व शेतातला ऊस यांचा मेळ नसतो. कागदावर पक्व, फडात कोवळा. मग टोळी तो फड सोडून पुढे पळते. मेळ का नसतो? इथे सगळे गप्प झाले. मग सर्वांत तरुण मुलगा बोलला, "तारखा खोट्या असतात, साहेब. आम्हीच लिहितो."

सभासद बंधूंनो, हा भाग कडू आहे, पण ज्याचे त्याला सांगितलेच पाहिजे. ऑगस्टअखेर लावलेली आडसाली जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दाखवली जाते. फेब्रुवारीतली सुरू लागण डिसेंबरची होते. चिटबॉय नोंद घ्यायला बांधावर येतो तेव्हा सभासद म्हणतो, "लिही की रे, तुझ्या बापाचं काय जातं?" तो गावातलाच असतो, भावकीतला असतो, हंगामी नोकर असतो. नाही लिहिले तर रात्री कोणाचा तरी फोन येतो. त्यातून एकाने खरी तारीख लिहिली, तर 'हा माणूस उद्धट आहे' अशी तक्रार आमच्या टेबलावर येते, आणि आम्ही मेमो काढतो. नऊ हंगामांच्या त्या माणसाचा मेमो असाच निघाला होता, हे आम्हांला त्या रविवारी कळले.

पण सभासदाला दोष देऊन पाचवा 'का' संपत नाही. तारीख मागे लिहायची गरज त्याला का वाटते? २०२१-२२ च्या हंगामात राज्यातले काही कारखाने जूनपर्यंत चालले आणि उन्हात वाळणाऱ्या उसाकडे बघत शेतकरी बसले होते, हे त्याने पाहिले आहे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी आटते. ऊस लवकर गेला तर गहू-हरभरा साधतो, खोडवा जोमाने फुटतो. आणि शेजाऱ्याने तारीख मागे लिहिली आहे हे ठाऊक असताना आपण एकट्याने खरे बोलून शेवटी का राहायचे? ही भीती खोटी म्हणता येणार नाही. शिवाय आमच्या कचेरीनेही कधी नोंद तपासली नव्हती. किती हेक्टर नोंद झाली आणि मुदतीत झाली का, एवढेच आम्ही मोजत होतो. गाळणी नव्हती ती तिथे नव्हती.

उपायही त्याच मंडळींनी सुचवले. आमचा स्वतःचा उपाय होता, चिटबॉयला त्याच्या गावात नेमूच नये. तो त्यांनी एका मिनिटात मोडला. "परक्याला बांध कोणता कुणाचा ते कळायला दोन वर्षं लागतील." त्यांचे म्हणणे असे होते की प्रत्येक दहा नोंदींतली एक शेजारच्या गटाच्या चिटबॉयने शेतात जाऊन पाहावी, कोणती ते ओव्हरसिअरने चिठ्ठी टाकून ठरवावे. नोंदींची यादी तोडणीआधी देवळात किंवा चावडीवर मोठ्याने वाचावी, म्हणजे ज्याच्या शेजाऱ्याने ज्या दिवशी बेणे लावले ते त्याला आठवत असतेच. ज्यांची तारीख चुकली त्यांनी एक महिन्याच्या आत येऊन दुरुस्त करावी, त्याबद्दल कोणी काही विचारायचे नाही. आणि यादी तारखेवारी एकेका फडाची न लावता, पंधरा दिवसांच्या अंतरातली लागण शिवारवार एकत्र करावी, म्हणजे टोळी एका शिवारात बसली की आठवडाभर हलणार नाही.

पहिल्या वाचनाला एका गावात बरीच गंमत झाली. यादी वाचता वाचता एका तारखेला मागून कोणीतरी म्हणाले, "त्या दिवशी तर अण्णा पंढरपुरात होते!" सगळे हसले, अण्णाही हसले, आणि दुसऱ्या दिवशी गट कार्यालयात दुरुस्तीला रांग लागली. ही रांग आम्हांला आवडली. दुसऱ्या एका गावात मात्र हमरीतुमरी झाली आणि वाचन अर्धे सोडून यावे लागले. तिथे आम्ही स्वतः गेलो नव्हतो, चिटबॉयला एकट्याला पाठवले होते. ती चूक आमची.

आता उत्साहाविषयी. पुस्तकात लिहिलेले असते की पगारवाढीने नाराजी कमी होते, पण कामाची ओढ येते ती कामातून, जबाबदारीतून आणि केलेल्या कामाची दखल घेतल्याने. हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली हे मांडले. त्याने विचारले होते इंजिनिअर आणि हिशेबनीस यांना, पिट्सबर्गच्या परिसरातल्या. ती सगळी बारमाही पगारदार माणसे. आमच्या मते हंगामी माणसाला ते अर्धेच लागू पडते. ज्याचे मोटारसायकलच्या पेट्रोलचे पैसे दोन महिने थकले आहेत, त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली तर तो मनात हसतो. तेव्हा आधी ती थकबाकी दर पंधरवड्याला मिळेल अशी सोय लेखा विभागाकडून करून घेतली. मग बाकीचे.

बाकीचे म्हणजे काय, तेही त्यांनाच विचारले. आम्हांला वाटले होते मोठ्या मागण्या येतील. एकाने सांगितले, पुढच्या हंगामाला बोलावणार की नाही हे ऑक्टोबरात नको, हंगाम संपतानाच सांगा, म्हणजे उन्हाळ्यात कुठे काम धरायचे ते ठरवता येते. दुसरा म्हणाला, सभासद रात्री दारात येऊन बायको-पोरांसमोर शिव्या देतात, तेव्हा कचेरीतून एक माणूस तरी आमच्या बाजूने बोलावा. तिसऱ्याचे म्हणणे फारच साधे. "मला सगळे 'ए चिठ्ठी' म्हणतात. नाव आहे मला." पहिल्या दोन गोष्टी कार्यकारी संचालकांनी मान्य केल्या. तिसरी आपल्या हाती आहे.

तोडणी टोळ्यांशीही बोललो. त्या कारखान्याच्या हजेरीपटावर नाहीत, मुकादमाची उचल घेऊन आलेल्या आहेत, पण रांगेचा पहिला चटका त्यांनाच बसतो. मजुरी टनावर आहे. बैल यार्डात तीस तास उभे राहिले की दुसरी खेप बुडते, आणि बिऱ्हाड हलवले की अख्खा दिवस बुडतो, त्याचे पैसे कोणीच देत नाही. 'खुशाली' का मागतात याचे एक कारण तिथे आहे. ती मागणे योग्य आहे असे आम्ही म्हणत नाही, पण बुडालेला दिवस कुठून तरी भरून काढायचा असतो हे समजून घ्यावे. एका बाईने विचारले, "फडाच्या कडेला पिण्याचं पाणी कुठाय एवढं तरी चिठ्ठीवर लिहाल का?" तेव्हापासून त्या दोन गटांत चिठ्ठीच्या पाठीमागे विहीर किंवा नळ कुठे आहे ते लिहितात. याला खर्च शून्य.

दोन हंगाम या दोन गटांत हे करून पाहिले. रांग संपली असे म्हणणार नाही. पाऊस लांबला की ओल्या रानातून गाडी निघत नाही, मिल थांबली की सगळेच थांबते. पण या गटांच्या गाड्या मोठ्या रस्त्यावर उभ्या राहिल्याचे गेल्या हंगामात आम्हांला दिसले नाही, आणि चौदापैकी तेरा चिटबॉय पुन्हा कामावर आले. यार्डात टोकन नंबर देण्याचा आमचा एक प्रयोग मात्र सपशेल फसला. टोकनांचीच अदलाबदल व्हायला लागली, तो पंधरा दिवसांत बंद केला. तो आम्ही कोणाला न विचारता काढला होता.

नऊ हंगाम काम केलेल्या त्या माणसाच्या घरी आम्ही गेलो होतो. मेमो चुकीचा होता हे सांगितले आणि तो मागे घेतल्याचे पत्र दिले. त्यांनी पत्र वाचले, घडी घालून खिशात ठेवले, चहा दिला. मुलगा आता दुकान बघतो म्हणाले, त्याला हाताशी माणूस लागतो. ते परत आले नाहीत. या वर्षी त्यांच्या गावच्या याद्या वाचताना मात्र ते देवळाच्या पायरीवर बसलेले होते, आणि दोन तारखा त्यांनी तिथूनच दुरुस्त केल्या.

यंदापासून नोंदवाचन सर्व गटांत होणार आहे. गावनिहाय दिवस व वेळ आपापल्या गट कार्यालयाच्या फळ्यावर लावली आहे. ज्या सभासदांनी नोंद दिली आहे त्यांनी किंवा घरातील जाणत्या माणसाने वाचनाला हजर राहावे आणि येताना सातबारा व नोंदीची पावती आणावी. लागणीची तारीख, जात किंवा क्षेत्र यांत फरक असल्यास वाचनाच्या दिवसापासून एक महिन्याच्या आत गट कार्यालयात दुरुस्ती करून घ्यावी. तारीख का चुकली याची विचारणा होणार नाही. त्यानंतर तपासणीत फरक आढळल्यास तो फड त्याच्या खऱ्या तारखेच्या जागी यादीत जाईल. वाचन करणाऱ्या चिटबॉयचे नाव फळ्यावर लिहिलेले आहे, त्याला त्या नावाने हाक मारावी ही विनंती.